खाऊन झालं की येऊन सांगा

जळगावात कुठे काय खावं हे विचारायचं असेल तर आमच्या दगूनानांना विचारा. फक्त एक लक्षात ठेवा, या माणसाने गेल्या चार वर्षांत हॉटेलातला एक घास तोंडात घातलेला नाही.

दगूनाना माझे शेजारी. घरात ते आणि नानी, दोघंच. उभी हयात नाना एका कचेरीचं टपाल सायकलवर वाटत हिंडले, त्यामुळे बाजारातली एकेक कढई त्यांच्या ओळखीची. ‘बठ्ठं गाव मना पोटमा शे,’ म्हणजे सगळं गाव माझ्या पोटात आहे, असं ते म्हणायचे, आणि त्या पोटाकडे बघितल्यावर कोणी हुज्जत घालत नसे. मग चार वर्षांपूर्वी बाहेरचं खाणं एकाएकी बंद. ‘डॉक्टरनी तेल-तिखट तोडलं,’ एवढंच सांगितलं.

बरं, तोडलं तर तोडलं, घरी बसावं माणसाने. छे! रोज दुपारी चारला नाना इस्त्रीचा शर्ट घालून बस स्टँडच्या फाटकाशी, रिक्षावाल्यांच्या बाकावर हजर. भुकेला चेहरा बाहेर पडला की नानांनी पकडलाच. ‘कुठून आले? सकाळपासून काय खाल्लं? गाडी किती वाजता?’ एवढी तपासणी झाल्याशिवाय पत्ता मिळत नाही. धुळ्याच्या माणसाला ते शेवभाजी कधीच सुचवत नाहीत. ‘ती तुमच्याकडेही झकास होते, इथे कशाला भूक वाया घालवता?’ घाईवाल्याला पोहे-जिलबी. सवड असेल त्याला बाजारामागे कमलबाईंकडे, भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची पुरी. एकदा एका कॉलेजवाल्याने मोबाइल पुढे केला, म्हणाला, ‘आजोबा, या दुसऱ्या हॉटेलला साडेचार तारे आहेत.’ नाना म्हणाले, ‘तारे आभाळात बघायचे, ताटात नाही.’

आणि पत्ता दिला की शेवटची अट: ‘खाऊन झालं की येऊन सांगा.’

आता तुम्हीच सांगा, पोट भरल्यावर पत्ता सांगणाऱ्याकडे कोण परत येतं? लोक मान डोलवायचे, जेवायचे आणि गाडीत बसून चालते व्हायचे. चार वर्षांत एकसुद्धा माणूस परत आला नव्हता. रिक्षावाल्यांचे पुढारी सलीमभाई रोज डिवचायचे, ‘नाना, एक जरी परत आला ना, तर अख्ख्या थांब्याला चहा माझ्याकडून.’ नाना हसण्यावारी न्यायचे, पण बाजाराच्या रस्त्याकडे मान वळवून बसायचे. मला ते बघवायचं नाही.

त्यात सगळा जाच माझ्या वाट्याला, कारण मी शेजारी, पळून जाणार कुठे? बाहेर जेवून आलो की नानांपुढे जबानी द्यायची. ‘चांगलं होतं’ म्हटलं की संपलंच. ‘चांगलं ही काय चव झाली? चांगला तर आमचा साहेबही होता.’ शेव रश्श्यात शिजवली होती की वरून टाकली? लसूण लाल झाला होता की नुसता पिवळा? मी मोबाइल बघत जेवणारा माणूस, मी काय सांगणार कप्पाळ! ‘तुझी जीभ रिटायर करून टाक,’ असं म्हणून नाना उठायचे.

गेल्या हिवाळ्यात एकदा मी ऑफिसातून लवकर सुटून येताना त्यांच्या शेजारी टेकलो होतो. फाटकातून एक म्हातारी बाई बाहेर आली. चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याचं तिचं गाव. गाडी पाचला. नानांनी सगळी चौकशी केली, कमलबाईंकडे धाडलं आणि अट घातली. बाई नुसतं ‘बरं’ म्हणाली.

पाचला चोपड्याची गाडी फाटकातून निघाली. बाई दिसते का म्हणून नाना उठून खिडक्या बघत राहिले. गर्दीत काही दिसलं नाही. ‘गई आपकी अक्का,’ सलीमभाई म्हणाले. नाना खाली बसले आणि उगाच शर्टाचं बटण काढत-लावत राहिले.

दहा मिनिटांनी बाजाराच्या बाजूने ती बाई सावकाश चालत आली.

‘अक्का, तुमची गाडी गेली ना!’ सलीमभाई ओरडले.

‘गयी ते जाऊ दे, दुसरी येई,’ ती म्हणाली. ‘भाऊनी सांगं व्हतं ना, येइसन सांग. आमना गावमा कोन्ही जेवाले धाडं, ते सांगनं पडस.’

आणि नानांसमोर ऐसपैस बसून तिने सुरुवात केली. वांगं कपाशीच्या काडीवर भाजेल व्हतं, ग्यासवर नही. मिरच्या बी त्याच आगीत. कुटेल बडगीमा, म्हणजे लाकडी भांड्यात, मिक्सरात नाही. पहिली पुरी फुगनी, दुसरी बसनी. ‘पन कांदानी पात जून व्हती. कालनी.’

‘जून? कमलबाईंकडे?’

‘जून.’

तक्रार ऐकून इतका खूश झालेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. नाना अर्धा तास विचारत होते आणि बाई एकाही प्रश्नाला अडली नाही. सलीमभाईंनी मुकाट्याने सगळ्या थांब्याला चहा सांगितला. पुढच्या गाडीला नानांनी स्वतः धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला आणि अक्कांची जागा धरली.

मग नाना घराकडे असे निघाले की मिरवणुकीत फक्त बँड तेवढा कमी होता. मीही मागोमाग गेलो. म्हटलं, नानींना ही फत्ते मीच सांगतो.

नानी कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. चार वर्षांपूर्वी त्यांच्या अन्ननलिकेचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांचं पेजेवरच भागतं, हे मला ठाऊक होतं. ओट्यावर पेजेच्या दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या, हे मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टरने तेल-तिखट तोडलं होतं ते नानींचं. नानांचं कोणीही तोडलं नव्हतं.

‘आलं का कोणी आज?’ नानींनी विचारलं. ‘की याचंच ते, चांगलं होतं?’

चार वर्षं माझं ‘चांगलं होतं’ या कॉटपर्यंत येत होतं. मला माझी लाज वाटली.

‘आली एक अक्का,’ नाना म्हणाले. ‘गाडी सोडून आली.’

त्यांनी एक वाटी नानींच्या हातात दिली, दुसरी घेऊन स्वतः कॉटच्या कडेला बसले. नानींनी पेजेचा पहिला चमचा तोंडाशी नेला आणि डोळे मिटले.

‘हं,’ त्या म्हणाल्या, ‘काडी पेटवल्यापासून सांगा.’