जिन्यातला हुकूम

संपादकबाईंनी कादंबरी परत पाठवली ती एका शेऱ्यासह: 'नायक शूर आहे असं तुम्ही अकरा वेळा सांगता. तो मात्र काहीच करत नाही.' छापायची की नाही, हे सांगायला त्या शनिवारी अकराला स्वतः घरी येणार होत्या.

काका खचले. इमारतीचे सचिव असले, तरी अडुसष्ट वर्षांत त्यांनी भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस केली नव्हती. कादंबरी लिहितो हेही बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. कादंबरीतल्या जुलमी राजवटीचा एक हुकूम त्यांनी, खरा वाटावा म्हणून, इमारतीच्या कागदावर टाइप करून वर शिक्काही मारला होता: 'आजपासून जिन्यात बोलण्यास मनाई.' शुक्रवारी संध्याकाळी बायकोने टाकी धुण्याची सूचना समजून नेमका तोच कागद फळ्यावर डकवला.

शनिवारी सकाळी काका दूध आणायला निघाले, तर इमारत चिडीचूप. निवृत्त मॅनेजर जिन्यात खुर्ची टाकून बोलणाऱ्यांची नावं वहीत टिपत होते. दोन शेजारणी नुसत्या हातवाऱ्यांनी तावातावाने भांडत होत्या. हुकूम कशासाठी, हे एकानेही विचारलं नव्हतं.

काका दुधाशिवाय परत आले आणि बायकोला सगळं सांगितलं.

"मग काढून टाका की."

"सगळ्यांदेखत?"

"नाहीतर काय, अर्ज करून?"

अकराला संपादकबाई फोनवर बोलत जिना चढू लागल्या. मॅनेजरांनी त्यांना अडवून फळ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी कागद वाचला, कपाळाला आठ्या घातल्या आणि त्या सरळ माघारी वळल्या.

वरून पाहणाऱ्या काकांचे पाय लटपटले. तसेच लटपटत ते खाली उतरले, कागद ओढून काढला आणि टराटरा फाडला.

"हा हुकूम खोटा आहे," ते चिरक्या आवाजात म्हणाले. "मीच लिहिलाय, माझ्या कादंबरीसाठी. आणि खरा असता ना, तरी फाडलाच असता."

फाटकाशी पोचलेल्या बाई ते ऐकून परत फिरल्या. वर आल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि कादंबरी छापणार असल्याचं त्यांनी सांगितलं. अट एकच: पंचविशीतला तो तगडा नायक काढायचा आणि आत्ता जिन्यात दिसला तो घालायचा.

असल्या थरथरत्या म्हाताऱ्याने राजवट हलते, हे वाचकांना पटेल का, असं काकांनी चाचरत विचारलं.

बाईंनी उठून दार उघडलं. जिन्यात अख्खी इमारत एकाच वेळी बोलत होती, आणि सगळ्यांत मोठा आवाज मॅनेजरांचा होता.

"मी तर कालच म्हणत होतो, असले हुकूम मानायचेच नसतात."