देविदासचं नवं कार्ड

आमच्या गल्लीतला कोण माणूस किती वॅटचा, हे देविदासने ठरवून टाकलेलं आहे. समोरचे वकील साठ वॅटचे, पण डोळ्यांवर येणारे. त्यांची बायको हजार वॅटची, इस्त्रीसारखी, हात लावू नये. मला त्याने चाळीस वॅटची म्हटलं.

"एवढीच कावून?" मी विचारलं.

"मावशी, चाळीसचा बल्ब लय वर्षं टिकते."

देविदास माझा भाडेकरू. अकोल्यातल्या माझ्या घराची रस्त्याकडची खोली त्याच्याकडे आहे. वय पंचावन्नच्या आसपास. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी विचारलं नाही. पूर्वी अमरावतीला एका इंजिनिअरच्या हाताखाली घरांचे नकाशे काढायचा. आता कॉम्प्युटरवर न बांधलेल्या घरांचे फोटो काढतो. लोक नकाशा आणून देतात. तो त्यावर भिंती उभ्या करतो, रंग लावतो, ऊन पाडतो. मग ते सगळं कॉम्प्युटरकडे सोपवायचं आणि फोटो तयार होईपर्यंत वाट पाहायची. याला रेंडर म्हणतात. देविदास म्हणतो, शिजून राहिलं.

"झालं का हो?" गिऱ्हाईक विचारायचं.

"दम खा. बैठक शिजली. जिना कच्चा आहे."

कॉम्प्युटरच्या पोटात या कामाचं एक कार्ड असतं. देविदासचं कार्ड जुनं. एक फोटो शिजायला तीन तास. गिऱ्हाईक अंजनगाव सुर्जीहून नाहीतर बार्शीटाकळीहून बसने आलेलं, ते मध्ये जाणार कुठे? बसायचं. उन्हाळ्यात खोलीतला कूलर माणसांकडे नसायचा, कॉम्प्युटरकडे असायचा. त्यामुळे लोकही कॉम्प्युटरला खेटून बसायचे. देविदास चहा ठेवायचा आणि प्रत्येकाचा वॅट काढायचा. बार्शीटाकळीचा एक तुरीचा व्यापारी आणि त्याची बायको स्वयंपाकघराच्या खिडकीवरून माझ्या घरात भांडले. स्वतःच्या घराचा पत्ता नाही अजून, भांडण माझ्या घरात. देविदासने मध्ये पडून खिडकी पूर्वेला केली. म्हणजे पुन्हा तीन तास. दोघं त्याच्याकडेच जेवून गेले. धारणीच्या एका शिक्षकाने तर बंगला शिजेपर्यंत फोनवर मुलीची सोयरीक जुळवली.

मग स्टेशनकडे एकाने दुकान टाकलं. दहा मिनिटांत फोटो. देविदासचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. पुढे महिनाभर त्याच्या खोलीत माणूस आलं नाही. तो दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांचे वॅट मोजायचा.

"नवं कार्ड घे," मी म्हटलं. "नाईतं उपाशी मरशील."

"कार्ड घेणं सोपं आहे. त्याले पोसणारी पेटी पायजे ना."

ही पेटी म्हणजे पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाढणारी. पेटी कमी पडली तर ऐन कामात कॉम्प्युटर मान टाकतो, असं त्याने मला समजावलं. मी विचारलं नव्हतं.

कार्डासाठी तो तीनदा अमरावतीला गेला. पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या डब्याच्या आतल्या मापाचा पुठ्ठा कापून नेला. कार्ड लांबीने बसतं की नाही ते पाहायला. बसमध्ये तो पुठ्ठा मांडीवर धरून बसला आणि परत आला तो पुठ्ठाच घेऊन. दुसऱ्यांदा कार्डाची मेमरी किती हवी यावर अडला. आठ जीबी कमी वाटे, सोळा जास्त वाटे, बारा कोणाला विचारून घ्यावं ते कळेना. तिसऱ्या खेपेला मी सोबत गेले. मला डोळे दाखवायचे होते. दवाखान्यातून निघून आम्ही दुकानात गेलो.

दुकानदार इरफान. चांगला माणूस, पण त्याचा दम संपत आला होता.

"चाचा, तुमी कार्ड घेऊन राहिले का पोरगी पाहून राहिले? उंची मोजली, खाणं इचारलं. आता पत्रिका आणू का?"

देविदास हसला नाही. लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्याने बेरीज मांडली होती. कार्डाचे वॅट, प्रोसेसरचे वॅट, पंख्यांचे, डिस्कचे.

"साडेसहाशेची पेटी बस झाली," इरफान म्हणाला. "त्यात भी उरते."

"साडेसातशेची दे. पंगतीत दोन पानं जास्त धरतात ना? ऐन वेळी कोणी आलं तं?"

"पेटीत कोण येणार आहे चाचा?"

"घे रे बाबा एकदाचं," मी म्हटलं. "डोळ्यात औषध घातलं आहे, मले काई दिसून नाई राहिलं."

बारा मेमरीचं कार्ड आणि साडेसातशेची पेटी आली. देविदासने दोन दिवस खपून ती बसवली. पहिला फोटो सात मिनिटांत शिजला. अंजनगावचं एक कुटुंब आलं होतं, नवराबायको आणि सासू. देविदासने चहा ठेवला. दूध वर यायच्या आत घर तयार. त्यांनी ते फोनमध्ये घेतलं, वा वा केलं आणि बस गाठायला पळाले. देविदासने चारही कप एकामागून एक उभ्यानेच प्यायले.

गिऱ्हाईक परत आलं, वाढलंही. पण लोक चपला काढायलासुद्धा कंटाळू लागले. दारातूनच फोटो घ्यायचे. देविदास त्यांचे वॅट काढायचा, तर तो आकडा ऐकायला कोणी थांबत नव्हतं. सांगायचा तो मला, म्हणजे ते गेल्यावर.

दिवाळीनंतर एका दुपारी मोटर लावायची का ते विचारायला गेले, तर तो डबा उघडून जमिनीवर बसलेला. नवं कार्ड खोक्यात. जुनं आत.

"कावून काढलं?"

"लय वॅट खाते."

"त्याच्यासाठीच तं एवढी मोठी पेटी आणली."

तो स्क्रू पिळत राहिला. पिळून झाला तरी पिळत होता.

"मावशी, लोक बसतच नाईत."

मी म्हटलं, "नवं लाव. सात मिनिटांत शिजव आणि सांग, तीन तास लागतील."

"समोर किती शिजलं त्याचे टक्के दिसतात. शंभर झाले का उठतात."

"मंग पडद्यावर फडकं टाक."

"खोटं बोलू?"

"गिऱ्हाईक पुन्हा स्टेशनकडे जाईन."

"जाईन," तो म्हणाला.

मूर्खपणा आहे, असं मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, म्हणजे त्यालाही तसंच वाटत असावं. त्या दुपारी मला दुसरं काम नव्हतं. मी खुर्ची ओढली.

"माह्या न्हाणीचा फोटो काढ. नव्या न्हाणीचा."

"बांधून राहिल्या काय?"

"नाई."

 तो हात पुसून उठला आणि कॉम्प्युटर चालू केला.

"टाइल्स कोणत्या?"

"पांढऱ्या."

त्याने शिजायला लावलं आणि बोलायला बसला. अमरावतीचं काय काय सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. न्हाणी तयार झाली तेव्हा दिवेलागण झाली होती. पांढऱ्या टाइल्स अगदी दवाखान्यासारख्या दिसत होत्या. तसं मी त्याला सांगितलं. त्याने रंग बदलला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.