शास्त्रीबुवांच्या दहा हजार शेळ्या

एका जंगलात, बाळांनो, पाण्याची बोंब होती, पण रेंज फुल्ल होती. तिथे ढवळी नावाची शेळी राहायची. तिचं एकुलतं एक करडू कोल्होबानं पळवलं.

ढवळी ऊर बडवत त्याच्याकडे गेली. कोल्होबा गोड हसला. वाघाच्या जेवणातलं उष्टं त्यालाच मिळायचं, हे जंगलात कुणाला ठाऊक नव्हतं?

"रडतेस काय ढवळे? या तीन गुहा. एकीत तुझं करडू आहे, बाकीच्या दोन गुहांत एकेक, वाघ आणि वाघीण. हवी ती निवड आणि आत जा."

ढवळीनं कान टवकारले. पहिल्या गुहेतून बारीकसं "बॅंऽ" आलं. आईच ती! धावत सुटली.

"थांब, थांब!" कोल्होबा घाईघाईनं आडवा आला. त्यानं तिसऱ्या गुहेसमोरचं झुडूप बाजूला केलं. आत वाघीण जांभई देत होती. "ही तर बाद झाली. आता पहिलीच ठेवतेस, की बदलून दुसरी घेतेस?"

ढवळी गोंधळली. तेवढ्यात साळिंदरशास्त्री लॅपटॉप घेऊन आले. जंगलातले सगळ्यात शिकलेले गृहस्थ! त्यांनी स्प्रेडशीट उघडली, तिच्यात दहा हजार शेळ्या सोडल्या आणि बटण दाबलं.

"बदल!" शास्त्रीबुवा म्हणाले. "बदलणाऱ्या दर तिघींपैकी दोघींना करडू मिळतं."

"अहो, पण माझं लेकरू पहिलीतून हाका मारतंय!"

"शीटमध्ये हाकेचा कॉलम नाही."

"आणि परवा हरणीनं चुकीची गुहा धरली, तेव्हा कोल्होबांनी तिला काही विचारलं नाही. मुकाट आत जाऊ दिलं. मग मलाच का विचारतात?"

"एका हरणीवरून काही सिद्ध होत नाही, बाई. सॅम्पल लहान आहे."

जमलेल्या माकडांनी माना डोलावल्या. आपल्याला अडाणी म्हणतील, या धास्तीनं ढवळीचे पाय वळले. हसू नका रे, तुमचेही वळले असते. ती दुसऱ्या गुहेत शिरली.

आत वाघ होता.

"एका शेळीवरूनही काही सिद्ध होत नाही," असं म्हणून शास्त्रीबुवांनी पुन्हा बटण दाबलं. उत्तर तेच आलं. माकडांनी टाळ्या पिटल्या. कोल्होबानं तर सगळ्यांत जोरात पिटल्या. त्या गलक्यात पहिल्या गुहेतलं करडू आईला हाका मारत राहिलं.

तात्पर्य : गणित बरोबर आलं असेल, तर गेलेल्या शेळीसाठी रडत बसू नये. शीटमधल्या बाकीच्या सगळ्या सुखरूप असतात.