साळिंदर सुधारला त्याची गोष्ट

मुलांनो, तो मोबाइल जरा बाजूला ठेवा. एका जंगलात एक भलामोठा कातळ होता. ज्याला जे ठाऊक असेल ते त्याने कातळावर लिहावे, आणि दुसऱ्याला ते चुकीचे वाटले तर त्याने खुशाल खोडावे, अशी तिथली पद्धत होती. कोणते फळ कधी पिकते, वाघ कुठे झोपतो, पाणी कुठे आटले, सगळे तिथे सापडे.

कातळाची देखरेख खवलेपंतांकडे होती. हे खवले मांजर. कोणी अंगावर धावून आले की पंत अंगाची गुंडाळी करून चेंडूसारखे पडून राहत. मग सावकाश उलगडून म्हणत, "आपला मुद्दा पोचला. आभारी आहे."

हे आभार बहुतेक वेळा साळिंदराच्या वाट्याला येत. त्याच्या लेखण्या पाठीवरच असल्यामुळे त्याला लिहायला निमित्त लागत नसे. "अस्वलाला मधातले काही कळत नाही," असे तो सहज लिहून जाई.

"कुणाला कळत नाही रे, खराट्या?" करत अस्वल धावत येई आणि रागारागाने मधाची सगळी माहिती लिहून अर्धा कातळ भरून टाकी.

पंत मात्र साळिंदराशी गोडच बोलत. "साळिंदरराव, शब्द जरा मऊ घ्या."

"मऊ? पंत, आधी तुमची पाठ मऊ करून दाखवा!"

पंत गुंडाळत. उलगडत. आभार मानत.

असे होता होता एके दिवशी साळिंदराचे डोळे भरून आले. "पंत, मी हरलो. यापुढे कुणाला दुखवणार नाही."

जंगलाने पंतांना हार घातला. सत्कार चालू असतानाच तो हरणांनी खाल्ला.

त्यानंतर साळिंदर प्रत्येकाच्या मजकुराखाली "छान!" एवढेच लिहू लागला. पुढेपुढे छान म्हणायलाही काही उरले नाही. कातळाकडे कोणी फिरकेना.

"वाद नाही, काही नाही," अस्वल म्हणाले. "मी कशाला पंजे झिजवू?"

उन्हाळा आला. ओढा आटला. एक हरणी पाडसाला घेऊन कातळापाशी आली. पाडसाची जीभ बाहेर लोंबत होती.

"पंत, पाणी कुठं आहे हो? हा आता चालायचा नाही."

कातळावर पाण्याची जागा यंदा कोरीच होती. पंतांना स्वतःला वारुळांपलीकडचे जंगल माहीत नव्हते. त्यांनी गव्याला विचारले.

"आहे की मला ठाऊक," गवा रवंथ करत म्हणाला. "लिहीन सवडीने."

पंत धावत साळिंदराकडे गेले. "साळिंदरराव, पाण्याबद्दल काहीतरी वाकडं लिहा हो. पाया पडतो."

"छे छे! उगाच कुणाचं मन कशाला दुखवायचं?"

"मग एक लेखणी तरी द्या."

ती त्याने अदबीने दिली.

पंतांनी मोठ्या अक्षरात लिहिले : "या जंगलात कुठेही पाणी नाही. आहे असे ज्यांना वाटते ते गाढव आहेत." खाली स्वतःचे नाव घातले.

गवा धूळ उडवतच आला. "गाढव कुणाला म्हणतोस, टरफला?" आणि त्याने लिहिले, "जांभळीखाली डबके आहे."

"त्या डबक्यात तूच लोळतोस ना?" सांबर ओरडले आणि लिहू लागले, "जांभळीच्या पुढे कपारीत स्वच्छ झरा आहे."

"कपारीत घोणस असते, ते कोण लिहिणार, तुझा आजा?" अस्वल गरजले. "डावीकडून जायचं, डावीकडून!"

वाद मिटायची वाट न पाहता हरणी पाडसाला ढकलत डावीकडून निघाली.

इकडे पंतांवर शिव्यांचा पाऊस पडत होता. गुंडाळीच्या आत पंत हसत होते.

तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या खवल्यांवर हळूच टकटक केली. साळिंदर होता.

"पंत, मी मुळीच रागावलेलो नाही," तो म्हणाला. "मी रोज येऊन तुमच्याशी गोड बोलत जाईन. बघा, तुम्ही नक्की सुधाराल."

पंतांचे हसू जागच्या जागी थिजले.

तात्पर्य : भांडखोराशी नेहमी सौजन्याने वागावे. फक्त ते त्याला लागू पडणार नाही, एवढी काळजी घ्यावी.