वयाची अट नाही

"शाळेत आहे काय? चार भिंती, एक फळा आणि पाठीवर दप्तराचं ओझं! माझ्या पोरीचा वर्ग म्हणजे अख्खा समुद्र!"

खारूच्या बाबांनी हे वाक्य बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. इस्त्रीवाल्यालासुद्धा सोडलं नाही! झालं होतं असं, की खारूच्या आईला एका मोठ्या प्रवासी जहाजावर डॉक्टरची नोकरी लागली. सफर लांबची होती आणि डॉक्टरच्या कुटुंबाला सोबत राहायची परवानगी होती. बाबांनी पाण्याचे पंप विकायची नोकरी सोडली, नऊ वर्षांच्या खारूचं नाव शाळेतून काढलं आणि पुस्तकांची एक जडशीळ पेटी घेऊन निघाले. गृहस्थांनी जन्मात कुणाला काही शिकवलेलं नव्हतं. पण ते आठवतंय कुणाला?

सुरुवातीला बरं चाललं. घरच्या घरी शिकणाऱ्या मुलांची आणखी दोन कुटुंबं त्याच जहाजावर होती. सकाळी अभ्यास, दुपारी जिन्यांवरून नुसता धुडगूस! पण एका बंदरात एक कुटुंब उतरलं, पुढच्या बंदरात दुसरं उतरलं. खारूची जिवाभावाची मैत्रीण झालेली एक चष्मेवाली मुलगी धक्क्यावरून हात हलवत राहिली, जहाजाने भोंगा दिला आणि खेळ खलास. मागे उरले फक्त काठ्या, कवळ्या आणि गुडघ्याचे पट्टे सांभाळत फिरणारे निवृत्त प्रवासी. आभाळ दिवसेंदिवस भरलेलं आणि समुद्र राखेसारखा. खारूने बोलणंच टाकलं.

"अहो, तिला धडे नकोत, तिच्या वयाचं कुणीतरी हवंय," दवाखान्यातून दमून आलेली आई म्हणाली. "पोरगी आतल्या आत सुकत चाललीय."

"उद्याच्या बंदरात नवीन प्रवासी चढणार आहेत ना? त्यात पोरंटोरं असणारच! असा वर्ग भरवतो, की बघत राहशील!"

जहाजावर रोज सकाळी प्रत्येक खोलीच्या दाराखालून दिवसाच्या कार्यक्रमांचं पत्रक सरकवलं जाई. बाबा तडक रिसेप्शनवर गेले. तिथल्या बाईंनी पेन उचललं. "मुलांसाठी वर्ग, असं लिहू ना?"

"छे छे! मुलांसाठी म्हटलं की बारा-तेरा वर्षांची पोरं फिरकत नाहीत. त्यांना आपण मोठे झालो असं वाटतं. तुम्ही लिहा, सकाळचा वर्ग, वाचनालयात. प्रवेश फुकट. वयाची अट नाही!"

दुसऱ्या दिवशी खारूने कितीतरी दिवसांनी स्वतःहून वेणी घालून घेतली. पहिल्या रांगेत बसून तिने शेजारच्या खुर्चीवर आपली कंपासपेटी ठेवली. नव्या मैत्रिणीसाठी जागा! दार उघडलं. काठी टेकत एक निवृत्त न्यायाधीश आत आले.

"वर्ग इथेच का?"

"हो, पण तो..." बाबा म्हणाले.

"वयाची अट नाही ना?" असं म्हणून न्यायाधीशांनी कंपासपेटी उचलून खारूच्या हातात दिली आणि त्या खुर्चीत बसले.

मागून दाताचे एक डॉक्टर आले. त्यांच्या मागून विणकामाच्या पिशव्या घेऊन दोघी बहिणी, आणि मग रांगच लागली! नवीन चढलेल्यांत एकही मूल नव्हतं, तोही पेन्शनरांचाच जथा होता. खारू दाराकडे बघत राहिली. तिचा चेहरा एवढासा झाला.

आता खरं तर बाबांनी हात जोडून सगळ्यांना परत पाठवायचं. पण त्यांनी दोन्ही हात हवेत फिरवून भरती-ओहोटी समजावली आणि काय सांगावं, टाळ्या पडल्या! आयुष्यभर पंप विकले, टाळी एकाने वाजवली नव्हती. बाबा असे हुरळले, की विचारू नका.

त्यानंतर वाचनालय पुरेना. वर्ग सभागृहात गेला, बाबांना माइक मिळाला आणि अख्खं जहाज त्यांना 'मास्तर' म्हणू लागलं. खारूची पहिली रांग गेली, मग खुर्ची गेली, मग ती खांबापाशी पायरीवर बसू लागली.

"मास्तर, हे दातवाले माझ्या वहीत बघतात!" न्यायाधीश उठून तक्रार करत.

"खोटं आहे! मला चष्म्याशिवाय माझी वही दिसत नाही, यांची काय दिसणार?"

मास्तर जेवणाच्या टेबलावरही वह्या तपासत. खारूने एकदा बाही ओढली. "बाबा, आपण दोघंच डेकवर जाऊ या?"

"उद्या हं, बेटा! आज न्यायाधीशांचे अपूर्णांक अडलेत!"

असे बरेच उद्या गेले. एका सकाळी हजेरी आटोपली, तेव्हा विणकामवाली थोरली बहीण उभी राहिली.

"मास्तर, आमची छोटी कुठंय?"

"असेल की, खांबापाशी."

"अहो, ती कधीची येत नाही. आणि हजेरीत तिचं नाव तरी कुठं घेता तुम्ही?"

माइक तसाच टाकून बाबा धावत सुटले. दवाखान्यात ती नव्हती. "वर्गात नाही?" म्हणत आईही पांढरीफटक पडली आणि दुसऱ्या बाजूला धावली. पोहण्याच्या तलावापाशी नव्हती. डेकवर चिटपाखरू नव्हतं. कठड्याखाली ते राखाडी पाणी नुसतं घुसळत होतं. बाबांनी एकदा खाली पाहिलं आणि खारूला हाका मारत ते पुढे पळाले. इथे मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी मुलांच्या खेळघरात आवाज आला. मुलंच नसल्यामुळे तिकडे कुणी फिरकत नसे. बाबांनी दाराच्या काचेतून पाहिलं. जमिनीवर उशांच्या रांगा मांडल्या होत्या. समोर हातात पट्टी घेऊन खारू उभी होती. ती तिच्या जुन्या शाळेतल्या मुलामुलींची नावं एकेक करून घेत होती आणि वेगवेगळे आवाज काढून स्वतःच 'हजर' म्हणत होती. पहिल्या रांगेतल्या उशीवर कागदाचा चष्मा चिकटवला होता.

बाबांनी दार ढकललं. "खारू, अगं..."

खारूने मान वर केली. ती रागावलेली नव्हती. शाळेतल्या बाई बोलायच्या तशी, अगदी शांतपणे बोलली.

"पालकांनी आत यायचं नाही. बाहेर थांबा."

बाबांनी दार ओढून घेतलं आणि शाळा सुटायची वाट बघत बाहेर उभे राहिले.