कोल्हा आणि इस्त्री

"सतरावा भाग?" बायको म्हणाली. "आपण बाराव्यावर आहोत, आणि हा टीव्ही विचारतोय, सतरावा भाग पुढे चालू करू का? सहा मिनिटं उरलीत म्हणे!"

जावई दारातच थांबला. एक बूट पायात, एक हातात. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करून आलेल्या माणसाला घरी पाऊल टाकल्या टाकल्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये, असा काही कायदा असता तर बरं झालं असतं. त्याला आता घरात सगळेच जावई म्हणत, बायकोसुद्धा. सासूबाई राहायला आल्यापासून घर त्यांचं झालं होतं आणि तो त्यात जावई तेवढा उरला होता.

बायकोला आठवा महिना चालू होता. ब्लड प्रेशर वर-खाली होत होतं म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पडून राहायचं, ताण नको, रडारड तर मुळीच नको. म्हणून नवरा-बायकोने रोज साडेसातला एक अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून, मालिका बघायची ठरवली होती, रोज एकच भाग आणि तोही दोघांनी मिळूनच. मालिका होती एका आभासी खेळाची. डोळ्यांवर चष्मा चढवला की माणूस थेट एका भल्यामोठ्या तळ्यावर. त्या तळ्यात एक मुलगी नाव चालवते, आणि तिच्या नावेत एक म्हातारा कोल्हा येऊन बसतो. मुलगी खरी आहे, चष्मा काढून घरी जाऊ शकते. कोल्हा मात्र खेळातलाच. आणि खेळ काढणारी कंपनी पहिल्याच भागात जाहीर करते, की खेळ लवकरच कायमचा बंद होणार.

आवडत्या भागांची यादी फ्रिजवर चिकटवलेली होती. तिसरा, कोल्हा पहिल्यांदा नावेत बसतो तो. सातवा, कोल्हा वल्हं मारायला शिकतो आणि नाव गोल गोल फिरते तो. दहावा, दोघं धुक्यात हरवतात तो. यादीच्या डोक्यावर बायकोने लिहिलं होतं, 'बाळाला आधी हे दाखवायचे.'

"मी नाही पाहिले गं," जावई म्हणाला.

"शप्पथ घे."

"तुझी शप्पथ."

"माझी नको, मी आता दोन जिवांची आहे. लिफ्टची घे."

"लिफ्टची शप्पथ!"

"मग काय आईने पाहिले?"

दोघांनी खिडकीकडे पाहिलं. सासूबाई चष्मा नाकावर ओढून बाळाचं झबलं शिवत बसल्या होत्या. चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवून दिलेला हात, दोरा दिसूही नये असा टाका. त्यांनी मान वर केली नाही.

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं? सगळ्यांचे डोळे बशीएवढे! कोण रडतंय नि कोण हसतंय, पत्ता लागत नाही."

झालं. निकाल लागला. घरात माणसं तीन, त्यातलं एक झोपून आणि एक बशीएवढ्या डोळ्यांना कंटाळलेलं. उरला जावई.

"लंच टाइममध्ये मोबाईलवर बघत असशील," बायको म्हणाली आणि तिचा आवाज एकदम ओला झाला. "दिवसभर मी छताकडे बघत पडून असते. साडेसात वाजायची वाट बघते. आणि तू माझ्याशिवाय पुढे निघून गेलास. ऐक, शेवटचा भाग मी तुझ्याबरोबर बघणार नाही. आईबरोबर बघेन."

जावयाला हे भलतंच लागलं. तिने भांडी आपटली असती तरी चाललं असतं. शेवटचा भाग म्हणजे चोविसावा, तोवर बाळंतपण तोंडावर आलेलं असणार, आणि आपण त्या वेळी बाहेर? त्याने खरा चोर शोधायचा चंग बांधला.

आधी त्याने पासवर्ड बदलला. तो इतका अवघड ठेवला की दुसऱ्या दिवशी त्यालाच आठवेना. तीनदा चुकला आणि खातं चोवीस तासांसाठी बंद पडलं.

"वा!" बायको म्हणाली. "पुरावाच नष्ट केलास."

खातं सुरू झालं आणि दुसरीच पीडा मागे लागली. तेराव्या भागात वादळ आलं, नाव कलंडली, कोल्हा पाण्यात पडला आणि घरातली लाइट गेली. जावयाने बोर्ड उघडला, मेन स्विच उडाला होता. तो वर केला, पण इंटरनेटच्या डबीला जागं व्हायला पाव तास लागायचा. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "चला चिमे, आडवी हो आता. राहिलं ते राहिलं. उद्या पुढचा भाग लावा." चिमी, म्हणजे बायको, मुकाट्याने आडवी झाली. पंधराव्या भागात मुलगी आजारी पडली, कोल्हा एकटाच किनाऱ्यावर वाट बघत बसला, आणि पुन्हा मेन उडाला. अठराव्यातही तेच.

आता प्रश्न इभ्रतीचा झाला. सोळा मजली इमारतीच्या लिफ्ट ज्याच्या भरवशावर चालतात, त्याच्या स्वतःच्या घरात तीन दिवे धड लागेनात! त्याने नवा मेन बसवला. हॉलमधली वायर उपसून नवी ओढली. भिंतीला हातभर चर पडला, सगळीकडे चुना झाला, सासूबाईंनी तो तीनदा पुसला आणि तीनही वेळा "असू दे हो, असू दे" असं म्हणाल्या. एवढ्या प्रेमाने त्या त्याच्याशी पूर्वी कधी बोलल्या नव्हत्या. बायको मात्र आता भांडतही नव्हती. लाइट गेली की शांतपणे म्हणायची, "जाऊ दे, उद्या पुढचा लावू." तिचा राग असा थंड झालेला पाहून जावई पुन्हा बोर्ड उघडून बसायचा.

शेवटी विसाव्या भागाला त्याने कामावरच्या उस्तादांना घरी आणलं. उस्ताद म्हणजे तीस वर्षं लिफ्टमध्ये घालवलेला माणूस. त्यांनी टेस्टर खिशाला लावला, खुर्ची बोर्डाखाली ओढली आणि म्हणाले, "बिघाड होईपर्यंत बसतो. तुम्ही तुमचं बघा."

पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, "हा कोल्हा कुणाचा?"

दहा मिनिटांनी खुर्ची बोर्डाखालून टीव्हीसमोर आली. पंधराव्या मिनिटाला ढोल घुमू लागले, कंपनीची माणसं तळ्याचा एकेक किनारा पुसत कोल्ह्याच्या झाडापर्यंत आली, आणि अंधार!

"अरे, कोल्ह्याचं काय झालं?" उस्ताद ओरडले. टेस्टर कुठे पडला तेही त्यांना कळलं नाही.

जाताना जिन्यात त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "वायरिंग चोख आहे तुझं. बिघाड गोष्टीत आहे. कोल्ह्याचं वाईट व्हायला लागलं की मेन उडतो. आणि काय झालं ते मला उद्या सांग, नाहीतर चैन पडायचं नाही."

जावई रात्रभर त्यावर विचार करत राहिला. दुसऱ्या दिवशी एकविसावा भाग लागला आणि ढोलांचा पहिला ठोका पडताच "पाणी पिऊन येतो" म्हणून तो उठला.

स्वयंपाकघरात सासूबाई उभ्या होत्या. समोर ओट्यावर त्यांची जुनी शिवणकामाची इस्त्री, वायरचं कापड झिजून आतली तार डोळा मारत होती. कपडा एकही नव्हता. हातात प्लग होता, कान हॉलकडे लागले होते.

"आई?"

"शू! थांबा," सासूबाई कुजबुजल्या, "अजून ती बासरी यायचीय." आणि मग आपण काय बोलून गेलो ते लक्षात येऊन त्यांनी जीभ चावली.

जावई खाली स्टुलावरच बसला. "आई, म्हणजे सतराव्यापर्यंत..."

"चोविसाव्यापर्यंत," सासूबाई म्हणाल्या. प्लग त्यांनी पदराआड लपवला, जणू आता त्याचा उपयोग होता. "ती दुपारी झोपते तेव्हा बघते मी. आवाज बंद करून, खालची अक्षरं वाचत. ढोल, बासरी, सगळं लिहून येतं त्यात. खातं पुन्हा सुरू झाल्यावर नवा पासवर्ड तुम्ही चिठ्ठीवर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवलात, तो पुसताना सापडला. अहो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या नं, रडायचं नाही! आणि हिला लहानपणापासून जनावराचं काही झालं की सोसत नाही. चार दिवस जेवायची नाही. तिचं एक गोष्टीचं पुस्तक होतं, त्यात शेवटी कुत्रा मरायचा. मी आधी वाचलं आणि ती दोन पानं शिवून टाकली."

"शिवून?"

"बारीक हातशिलाई. ती विचारायची, आई, हे पान जाड का? मी सांगायची, छापतानाच तसं झालंय." त्यांनी टीव्हीच्या दिशेने हताशपणे हात केला. "हे कसं शिवू? सुईच लागत नाही त्याला. मग इस्त्री आठवली. ही लावली की आमच्या घरी आख्खी चाळ अंधारात जायची."

"आणि चोविसाव्यात काय होतं?"

सासूबाईंनी पदराआडचा प्लग काढून ओट्यावर ठेवला. "सतराव्या मिनिटाला खेळ बंद होतो. कोल्हा नावेत बसून राहतो आणि हळूहळू पुसला जातो. आधी शेपूट."

बाहेर बासरी सुरू होऊन संपूनही गेली.

"आई, हे मला कशाला सांगितलंत?" जावई म्हणाला. "मी पाहिला नव्हता नं!"

"तुम्ही करा नं एक," सासूबाई म्हणाल्या. "चोविसाव्याला इस्त्री तुम्ही लावा. मला तिच्याजवळ बसायचंय, न जाणो एखाद मिनिट पुढे-मागे झालं तर. मी घड्याळ देते."

हॉलमध्ये जाऊन "बघ, चोर कोण ते!" असं म्हणायची आयती संधी होती. दहा-बारा दिवसांचा कलंक एका वाक्यात धुतला गेला असता. पण सासूबाई ज्या नजरेने त्याच्याकडे बघत होत्या, ती नजर बघून त्याला ते वाक्य उच्चारवेना. शिवाय शेवटचा भाग बघायची त्याला तशीही बंदीच होती. तो म्हणाला, "द्या घड्याळ."

चोविसाव्या भागाच्या संध्याकाळी हॉलमध्ये मायलेकी बसल्या आणि जावई स्वयंपाकघरात. एका हातात प्लग, दुसऱ्या हातात सासूबाईंचं घड्याळ. ज्या माणसाने आयुष्यभर उघड्या तारा दिसल्या की लोकांना झापलं, तो स्वतः उघडी तार घेऊन कोल्ह्यासाठी उभा होता. पंधरा मिनिटं झाली. सोळा. ढोल सुरू झाले. त्याने प्लग भिंतीकडे नेला.

"इस्त्री लावू नकोस रे," हॉलमधून बायकोचा आवाज आला. "इकडे ये."

जावई प्लग हातात घेऊनच गेला. टीव्हीवरचं चित्र थांबवलेलं होतं. सासूबाई चोरी पकडल्यासारख्या ताठ बसल्या होत्या.

"आई, मी काल दुपारी पाहिला हा भाग. मोबाईलवर. तू घोरत होतीस," बायको म्हणाली. "आणि तू बुडवलेले बाकीचे शेवटही. पंधराव्याला लाइट गेली तेव्हा स्वयंपाकघरातून जळक्या कापडाचा वास आला, तिथेच कळलं मला. लहानपणी तो वास आला की आपली आख्खी चाळ ओरडायची."

"रडलीस?" सासूबाईंनी एवढंच विचारलं.

"रडले की. भरपूर. उशी उलटी करून ठेवली. मग पोटातून एक लाथ बसली आणि हसायला आलं. संध्याकाळी तूच ब्लड प्रेशर मोजलंस नं? किती होतं?"

"कमी होतं," सासूबाई पुटपुटल्या. "मी म्हटलं मशीन बिघडलं."

"अगं, मग आज पुन्हा कशाला लावलास?" जावयाने विचारलं.

"काल एकटी रडले. आज तुमच्याबरोबर रडायचंय." तिने त्याचा हात ओढून त्याला सोफ्यावर बसवलं. "आणि तू. चोर कोण ते ठाऊक असून गप्प बसलास नं? लिफ्टची शप्पथ खरी होती तुझी. चुकले मी."

जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं. कोल्हा तर अजून जागचा हललाही नव्हता.

"आणि आई, कुत्रा मेला तेही मला ठाऊक होतं," बायको म्हणाली. "मी पानं उसवून वाचली होती. आणि परत शिवून ठेवली होती, तुला वाईट वाटू नये म्हणून."

"ते मला ठाऊक होतं," सासूबाई म्हणाल्या.

"कसं?"

"तो टाका माझा नव्हता. एवढे मोठे टाके मी घालते का? गोणपाट शिवल्यासारखे!"

"मग बोलली का नाहीस?"

"सात वर्षांची पोर आईसाठी पान शिवून ठेवते," सासूबाई म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं. "त्यावर काय बोलायचं असतं?"

मग तिघांनी मिळून शेवट पाहिला. कोल्हा पुसला गेला, आधी शेपूट. मुलगी रिकाम्या नावेत तशीच बसून राहिली, आणि तळं संपेपर्यंत वल्हं मारत राहिली. सगळ्यात मोठ्याने जावई रडला. तेवढ्यात उस्तादांचा फोन आला, काय झालं ते विचारायला. जावयाला बोलवेना, म्हणून सासूबाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "सुखरूप आहे हो कोल्हा, घरी गेला," आणि ठेवून दिला.

फ्रिजवरच्या यादीत बायकोने चोविसावा भाग लिहिला. सासूबाईंनी चष्मा नाकावर ओढून ती वाचली. मग आत जाऊन त्यांनी इस्त्रीला वायर नीट गुंडाळली आणि ती जावयाच्या हातात दिली.

"मी काय, दोन-तीन महिन्यांनी माझ्या घरी जाईन. ही इथेच राहू दे. बाळ मोठं होईल, टीव्ही बघेल. तेव्हा लागेल तुम्हाला."

पुढच्या रविवारी जावयाने घराची पूर्ण डागडुजी काढली. भिंतीतला चर बुजवला, बोर्ड बदलला, दिव्यांची बटणं नवी बसवली, दारावरची घंटासुद्धा दुरुस्त केली. इस्त्री मात्र त्याने नुसती पुसली आणि वायर तशीच ठेवून कपाटात अगदी वरच्या फळीवर नेऊन ठेवली.