वजाच्या बाजूचा गोठा

शरयूबाईंनी शाळेच्या मैदानात फक्कीची पांढरी रेघ मारायला घेतली, तेव्हा त्यांच्या डोक्यात फक्त सहावीचा वर्ग होता. पोरांना फळ्यावरच्या वजा संख्या काही केल्या कळत नव्हत्या, म्हणून बाईंनी खेळ बसवला. शाळेकडे तोंड करून उभं राहायचं. झेंड्याच्या खांबापाशी शून्य, उजवीकडे अधिक, डावीकडे वजा. बाई "वजा चार" म्हणाल्या की तिकडे चार उड्या. उद्या केंद्रप्रमुख भालचंद्र साहेब खेळ पाहायला येणार होते, आणि रेघ दोन्हीकडे दहापर्यंत हवी होती.

अडचण एवढीच, की वजा सातला उत्तमरावांचा गोठा लागत होता. तो मैदानात कधी शिरला हे कोणाला सांगता येत नव्हतं. आधी खुंटा आला, मग खुंट्याला बैल, बैलावर छप्पर आणि छपरामागे उकिरडा. बाईंनी दोन वर्षं विनवण्या केल्या. उत्तमराव दर वेळी म्हणायचे, "तूर निघाली का हालवतोच, बाई." तूर दर साली निघत होती.

त्या दुपारी उत्तमराव बैलांना पाणी दाखवायला आले आणि जागीच थबकले. पांढरी रेघ सरळ येऊन गोठ्याच्या कुडाला भिडली होती. पलीकडे बाई टेप घेऊन उभ्या. धामणगाव बढ्याच्या रस्त्याला मागच्या महिन्यात अशीच रेघ पडली होती, आणि तिच्या मागोमाग जेसीबी आला होता.

"बाई, हे काय चालू हाये?"

"उद्या साहेब येताहेत ना, त्यांच्यासाठी."

उत्तमरावांनी रेघेवरच्या आकड्यांकडे बोट दाखवलं. "मंग आमच्या आंगानं वजा काऊन लिवलं?"

"डावीकडे वजाच असतं, काका. नियम आहे."

"कोठचा? तहसीलचा?"

"तहसीलचा कसला! साऱ्या जगाचा." बाईंना मनापासून आनंद झाला. उत्तमरावांनी गणितातलं काही विचारावं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

"आन पल्याडच्या केसरबाईच्या आंगानं?"

"तिकडे अधिक. तिकडे वाढत जातं, इकडे कमी कमी होत जातं."

"हे तं सरासर नाइन्साफी झाली! काही बदल नाही करता येत का?"

"गणितात वशिला चालत नाही, काका."

"बरं, आमच्याकून कुठवर जाईन ही रेघ?"

"सध्या सातवर अडलीय, दहापर्यंत तरी जायला हवी. आणि खरं सांगू का? या रेघेला शेवटच नसतो. जागा असेल तेवढी जाते."

उत्तमरावांनी मागे वळून पाहिलं. गोठ्यामागे न्हाणी होती आणि न्हाणीमागे त्यांचं नवं स्लॅबचं घर.

"घर जाते म्हन्ता?" घरी उत्तमरावांच्या बायकोच्या, कोकिळाबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

"दहावर त्यायचं समाधान झालं तं वाचते. आपल्या पोराले, गणेशले बोलाव, आन त्याच्या सासऱ्याले बी. गोठा आजच काढा लागते."

दिवस मावळायच्या आत गोठा उतरला, उकिरडा शेतात गेला आणि बैल चिंचेखाली उभे राहून एकमेकांकडे पाहू लागले.

ही बातमी मैदानाच्या दुसऱ्या बाजूला राहणाऱ्या केसरबाईंपर्यंत निम्मीच पोहोचली. "आपल्याकडं अधिक आलं म्हन्तेत!" असं म्हणत त्यांनी काट्यांचं कुंपण उचललं आणि अधिक सहापर्यंत पुढे आणून रोवलं. सरकारनं द्यायच्या आधी आपण घेतलेलं बरं, असा त्यांचा विचार होता. आत गोवऱ्याही रचून टाकल्या.

सकाळी शरयूबाई आल्या. डावीकडचं मोकळं मैदान पाहून त्यांचे डोळे भरून आले. उजवीकडे पाहायला सवडच मिळाली नाही, कारण साहेब फाटकात होते.

"हे सगळं लोकसहभागातून?" साहेबांनी विचारलं.

"उत्तमरावकाकांनी एका दिवसात मोकळं करून दिलं, सर."

साहेबांसाठी आणलेली शाल साहेबांनी स्वतःच्या हातानं उत्तमरावांच्या खांद्यावर घातली. टाळ्या पडल्या. उत्तमरावांची नजर मात्र रस्त्यावर होती.

"साहेब, जेसीबी कधी येते?"

"जेसीबी कशाला? आता फक्त पोरं उड्या मारणार!"

शिट्टी वाजली. "वजा दहा!" उत्तमरावांची नात अपेक्षा उड्या मारत गेली आणि काल जिथे गव्हाण होती तिथे जाऊन उभी राहिली. "आबा, पाहा! पोचली!"

उत्तमरावांना सगळं समजलं. शेजारी बसलेल्या कोकिळाबाईंनाही समजलं. त्यांनी नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. उत्तमरावांनी शाल घट्ट लपेटून घेतली.

"अधिक आठ!" प्रेम नावाचा पोरगा जोरात निघाला आणि सहावर काट्यांत जाऊन ओरडला. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "बाई, सहाच्या पुढचं गणित कुठं आहे?"

तेवढ्यात उत्तमराव उठले.

"बाई, शाळेकडं तोंड केलं तं वजा डावीकडं, नाही का? आन शाळेकडं पाठ केली तं?"

"तर डावी बाजू तिकडे जाते. म्हणजे वजा केसरबाईंकडे! शाब्बास, काका!"

"मंग उद्यापासून पोरायले पाठ करून उभं करा. नियम साऱ्या जगाचा हाये ना, मंग मी एकटाच काऊन वजा राहू?"

आणि शाल सावरत ते सरळ कुंपणाकडे गेले. "केसरबाई! साहेबाच्या समोर ठरलं बरं. आता वजा तुमच्याकडं आलं. आन ह्या रेघेले शेवट नसते, बाईले विचारून घ्या."

दुसऱ्या दिवशी उजवीकडचं मैदानही मोकळं दिसलं, आणि शरयूबाईंनी मुख्याध्यापकांकडे आणखी एक शाल मागितली.